नाल्याकाठच्या काटेरी बोरी

सटवा मामांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते बीडच्या दवाखान्यातल्या बाकावर. तोवर या माणसाला मी कायम चालतानाच पाहिलं होतं. पुढे शेळ्या, मागे मामा, खांद्यावर लांब काठी आणि काठीच्या टोकाला झाडाचा पाला ओढायची आकडी. सकाळी आमच्या पाली गावातून निघून धरणाच्या कडेने जायचे आणि डोंगराला वळसा घालून दिवेलागणीला परत यायचे. भाकरीसुद्धा उभ्यानेच खायचे असं साखराबाई मामी सांगतात. मामींना तिखटमीठ लावायची सवय आहे, पण एवढं खरं असावं.

डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडाला धरला आणि गुडघे झिजलेत म्हणून सांगितलं. डोंगर बंद, शेळ्यांमागे फिरणं बंद. मामांनी विचारलं, "मंग करू काय?" डॉक्टर म्हणाले, "आराम करा." त्या बिचाऱ्याने चांगल्या मनाने सांगितलं, पण मामांचा चेहरा कुणी शिवी दिल्यासारखा झाला. मोटारसायकलवर मीच त्यांना घेऊन गेलो होतो.

मी सोमेश्वर. पालीत माझी लहानशी रोपवाटिका आहे. कलमं करायची, झाडांना डोळे भरायचे, म्हणजे एका झाडाचा कोंब काढून दुसऱ्याच्या सालीत बसवायचा, हा माझा धंदा. सटवा मामा गावाच्या नात्याने मामा.

शेळ्या पुतण्याकडे, बंकटकडे गेल्या. मामा दारातल्या खाटेवर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चुका काढू लागले. कुणाची बैलगाडी वाकडी चालते, कुणाचं पोरगं उनाड निघालंय. मग बाहेरचे लोक पुरेनात म्हणून मामींच्या भाकरीवर आले. मामी मला म्हणाल्या, "सोमेश्वर, ह्यांना कायतरी काम बग बाबा. ह्यो माणूस असाच बसून ऱ्हायला तर हे तरी येडे व्हतील न्हाईतर मी तरी."

त्यांची एकुलती एक लेक योगिता बीडमध्ये असते. दोन खोल्या, नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी, आरोही. बापाचे गुडघे गेल्याचं कळल्याबरोबर ती आली आणि म्हणाली, आतली खोली रिकामी करते, खाट टाकते, आता दोघांनी माझ्याकडे राहायचं. तिच्या मायेत काडीची खोट नव्हती. म्हणूनच मामांना सरळ नाही म्हणता येईना. मामींना विचाराल तर त्यांची तयारी होती. तिथं नळाला पाणी येतं, म्हणाल्या.

मामांनी दोन घोट पाणी पिऊन उत्तर दिलं. "योगे, दिवाळीपस्तोर दम धर. तवर मला बसून करायचं काम घावलं, तर मी हितंच ऱ्हातो. न्हाई घावलं तर तू म्हणशील तिथं येतो. मंग कुरकुर करायचो न्हाई." योगिताने कबूल केलं. ती गेल्यावर मामा खाटेच्या कडेवर कितीतरी वेळ हाताची बोटं मोडत होते. जन्मभर डोंगर पाहिलेल्या माणसाला समोरच्या इमारतीची भिंत बघत दिवस काढायचे म्हणजे काय, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत माझ्याकडे आले.

"बे सोम्या, बसून करायचं काम सांग."

"डोळे भरायला शिका," मी चेष्टेत म्हणालो.

चेष्टा माझ्याच गळ्यात पडली. गावामागच्या उतारावर मामांच्या मालकीचा एक मुरमाड तुकडा आहे. त्यात कधी काही पिकलं नाही, फक्त रानबोरी माजल्या. शेळ्यांच्या पाल्यापुरता त्याचा उपयोग. त्या बोरी तोडून, त्यांच्या फुटव्यावर उमराण या गोड जातीच्या बोरीचा डोळा भरला तर तिथेच बाग उभी राहू शकते, हे मी मामांना सांगितलं. पिशवीतलं रोप आणून लावा, त्याला पाणी घाला, ही भानगड नाही. रानबोरीचं मूळ आधीच खोल गेलेलं असतं. मामा ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आन हे समदं बसून व्हतंय?" जुन्या टायरवर बसून होतं, म्हणालो मी. टायर मीच दिला.

चैत्रात आम्ही माळावर गेलो आणि पहिल्याच दिवशी आमचं वाजलं.

कलमात दोन जीव असतात. वरचा फळ देतो, खालचा पोसतो. खालच्याला आम्ही खुंट म्हणतो. लोक रोप घ्यायला येतात तेव्हा वरच्याची सगळी चौकशी करतात, जात कोणती, फळ केवढं, गोडी कशी. खालच्याचं नावगाव कुणी विचारत नाही. माझं डोकं नेमकं इथेच फिरतं. तर मी मामांना म्हणालो, आधी खुंट निवडू. बुंधा जाड बघा, साल तुकतुकीत बघा, अंगात जोर कुणाच्या आहे ते बघा.

मामांनी माझ्याकडे लहान पोराकडे बघावं तसं बघितलं. "मला शिकवतो व्हय? ह्या बोरी मी वळकतो." आणि खरंच ओळखत होते. एकेका बोरीला त्यांनी नावं ठेवली होती. एक साखरी, एक लोणी, एक पेढा. ही नावं फळावरून नव्हती, पाल्यावरून होती. शेळ्यांना ज्या बोरीचा पाला सगळ्यात जास्त आवडतो, ती मामांच्या लेखी सगळ्यात चांगली. पान मऊ, काटा कमी. त्याच त्यांनी खुंट म्हणून निवडल्या.

"मामा, शेळीला आवडतं ते पान. आपल्याला मूळ पाहिजे."

"ज्या झाडाचा पाला गोड, त्याचं बोर गोड."

"बोर वरच्या डोळ्याचं येणार. उमराणचं. खालच्याने नुसतं पोसायचंय."

"गोड आईचं दूध गोडच आसतंय," मामा म्हणाले आणि कोयता मागितला.

माझा संताप झाला. शेळ्या राखणाऱ्याने खुंट निवडायचा आणि तोही शेळीच्या जिभेने! पण झाडं त्यांची, माळ त्यांचा. मी कोयता दिला आणि साखरीवर पहिला घाव घातला गेला.

त्या आवाजासरशी नाल्यापलीकडून गलका उठला. बोरीवर कोयता वाजला म्हणजे पाला पडणार, हे मामांनीच शेळ्यांना पिढ्यानपिढ्या शिकवलेलं. बंकटच्या ताब्यातल्या सगळ्या शेळ्या त्याला झुगारून उताराने धावत आल्या आणि मामांच्या भोवती उभ्या राहिल्या. बंकट मागून शिव्या देत आला. मामा टायरवर बसून एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. तोडलेल्या फांद्यांचा पाला शेळ्यांनी चट्टामट्टा केला आणि मग खाली उरलेल्या खोडांनाही तोंड लावायला लागल्या.

म्हणजे आता कुंपण हवं. कुंपणाला काटे हवेत. काटे कुठले, तर त्याच तुकड्याच्या खालच्या कडेच्या, नाल्याकाठच्या बोरींचे. त्या बोरींची रांगच्या रांग होती. काटा वाकडा आणि बोटभर, पान बारीक आणि खरखरीत. एखादा उपाशी बोकडसुद्धा तिकडे फिरकायचा नाही. मामा त्यांना सासवा म्हणायचे. मामी समोर असल्या तरी म्हणायचे. बंकटने आणि मी त्या सासवा बुडातून छाटल्या, त्यांच्या काटेरी फांद्या ओढत आणल्या आणि मामांच्या लाडक्या बोरींभोवती दाट कुंपण घातलं. हात रक्ताने भरले. मामा म्हणाले, सासवा कामाला आल्या एकदाच्या.

पाऊस पडला तशा साखरी, लोणी, पेढा सगळ्या फुटल्या. मामा रोज सकाळी टायर ढकलत जायचे आणि एकेका झाडापाशी बसायचे. मला मात्र ते फुटवे बघून बरं वाटेना. फुटवे भरमसाट आणि केरसुणीच्या काडीएवढे बारीक. मी फुटवे विरळ करून एक-दोनच ठेवले, तरी जाड होईनात. आषाढाच्या शेवटी साधारण जमेल तसे डोळे भरले आणि वरून पट्ट्या बांधल्या. साल सुटत नव्हती, ओढली तर फाटत होती. मामांना मी डोळा काढायला शिकवला. त्यांचा हात चांगला होता. शेळ्यांचे खूर कातरणाऱ्या हाताला धार सांभाळता येते. डोळकाडीवरून, म्हणजे उमराणच्या कापून आणलेल्या काडीवरून, ते डोळा असा उचलायचे की मलाच कौतुक वाटायचं.

पण डोळा कितीही सुबक बसवला तरी पोसायचं खालच्यानेच. श्रावणात पट्ट्या सोडल्या तर आतले डोळे काळे. एक-दोन हिरवे दिसले, तेही नारळी पौर्णिमेनंतर सुकले. मामा पट्टी सोडायचे, काळा डोळा नखाने उकरून बघायचे आणि पुढच्या झाडाकडे टायर ढकलायचे. शेवटच्या झाडापाशी, म्हणजे साखरीपाशी, ते बराच वेळ बसून राहिले. मी जवळ गेलो.

"कावून धरलं न्हाई रं?" त्यांनी विचारलं. आवाजात भांडण नव्हतं.

मी म्हणालो, "मामा, हिच्या मुळात साठा नाही. जरा पान फुटलं की शेळ्यांनी खाल्लं. पुन्हा फुटलं, पुन्हा खाल्लं. हिला कधी साठवायला मिळालंच नाही."

मामा म्हणाले, "म्हंजे मीच खाल्लं म्हण की हिला. लाड लाड म्हणून रोज हिच्याच खाली शेळ्या आणल्या."

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी मामींना ट्रंक काढायला सांगितली. दिवाळीला अजून वेळ होता, पण त्यांच्या मनाने हार मानली होती. मामी ट्रंक पुसत होत्या आणि नाक ओढत होत्या. नळाच्या पाण्याचं नाव त्या दिवशी निघालं नाही.

मला राहवेना. मामांचं चुकलं होतं हे खरं, पण ते शहरात जाऊन खाटेवर बसणार ही कल्पना मला सोसेना. कुंपणाचे काटे तरी गोळा करून ठेवावेत म्हणून मी दुसऱ्या दिवशी माळावर गेलो. आणखी एक-दोन भारे आणावेत म्हणून नाल्याकडे वळलो आणि तिथेच थांबलो. चैत्रात बुडातून छाटलेल्या सासवा माझ्या छातीएवढ्या वाढल्या होत्या. एकेका खोडातून सरळसोट, अंगठ्याएवढे फुटवे. साल ओलसर, तुकतुकीत. नखाने ओरखडा काढला तर साल अलगद सुटली. त्यांना कुणी पाणी घातलं नव्हतं, कुणी विरळ केलं नव्हतं, नुसता कोयता घातला होता. शेळ्यांनी तोंड न लावलेल्या मुळात किती साठलं असेल याचा हिशेब मला लगेच लागला.

धावतच मामांकडे गेलो. मामांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"त्या सासवांवर? खुळा झालास का? त्याच्यावर आलेलं बोर पण कडूच निगंल."

"मामा, बोर वरच्याचं येतं. किती वेळा सांगू?"

"मला न्हाई पटत."

वाद वाढला. मी चिडून उठलो. तेवढ्यात मामी आतून बाहेर आल्या, हातातलं फडकं ट्रंकेवर टाकलं आणि म्हणाल्या, "गोड गोड म्हणून जिला कवटाळलं तिनं काय दिलं? आता सासूचं ऐका एकदा. मी ऐकलं तुमच्या आईचं, मेले का?" मामींनी कोनाड्यातला चाकू काढून त्यांच्या हातात दिला. टायर बंकटच्या डोक्यावर गेला.

भाद्रपद लागला होता, उशीरच म्हणायचा. पण ओल होती, साल सुटत होती. नाल्याकाठी काटे पायात, पाठीत, सगळीकडे. मी फुटव्याचे खालचे काटे काढून द्यायचो आणि मामा डोळा बसवायचे. पहिले दोन मी बसवले, नंतरचे सगळे त्यांनी. पट्टी बांधताना ते काही पुटपुटायचे. एकदा कान देऊन ऐकलं तर सासवांची माफी मागत होते.

पितृपक्षात पट्ट्यांच्या फटीतून हिरवं दिसायला लागलं. मामांना विश्वास बसेना, ते माझ्या हाताला धरून विचारायचे, हे खालचं का वरचं? वरचं, मी म्हणायचो. दसऱ्याला डोळ्यातून बोटभर फूट आली होती, रुंद, गुळगुळीत पानांची, उमराणचीच. दोन-चार मेले. बाकीचे सगळे धरले. डोळ्याच्या वरचा रानबोरीचा शेंडा मामांनी स्वतः कापला. खालून जरा कोंब डोकावला की तो खुडून टाकायला ते रोज हजर. त्या आनंदात त्यांनी मामींची भाकरी चांगली झाल्याचं सांगितलं म्हणे. मामी घाबरल्या, ताप आला की काय म्हणून अंगाला हात लावून पाहिला.

दिवाळीच्या आधी उमापूरचे अर्जुनराव माझ्याकडे आले. मोठे शेतकरी, गावातला वजनदार माणूस. त्यांच्या मोठ्या माळरानावर बोर लावायची होती, गाडी भरून रोपं द्या म्हणाले. रोपं विकली असती तर माझंच भलं होतं, पण मी विचारलं, माळावर रानबोरी आहेत का? भरपूर, म्हणाले. मग रोपं कशाला, मी म्हणालो, फक्त कोणती धरायची आणि कोणती सोडायची हे ठरवणारा माणूस लागेल. तो माझ्याकडे आहे.

अर्जुनरावांनी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी जीप पाठवली. उमापूरच्या माळावर जीप चढेना, तेव्हा मामांना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवलं. एका हाताने ते दांडी धरून बसले आणि दुसऱ्या हातातल्या काठीने दाखवत गेले. "हिला शेळी लागल्याली हाय, सोडा. ही पण सोडा. ती पल्याडची, कुणी हात न लावल्याली, ती धरा." फांद्या कशा बसल्यात, कुठून आखूड झाल्यात, एवढ्यावरून त्यांना कळत होतं. शेळी कुठवर मान लांब करते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मी मागून चालत, त्यांनी धरा म्हटलेल्या बोरीला चिंधी बांधत होतो. एका ठिकाणी मला एक बुंधा बरा वाटला, मी चिंधी बांधायला गेलो तर वरून ओरडले, "सोम्या, ती मऊ हाय बे, सोड." मी सोडली. अर्जुनरावांनी जाताना विचारलं, चैत्रात छाटणीच्या वेळी याल का? मामा म्हणाले, "बगू. तवर मोकळा आसलो तर." मोकळा असलो तर! मला हसू आवरेना.

परत येईपर्यंत अंधारून आलं. जीप दारात थांबली तर ओट्यावर योगिता बसलेली. भाऊबीज, ती बंकटला ओवाळायला आली होती आणि दिवाळीची मुदतही तिच्या लक्षात होती. आमच्या दोघांच्याही डोक्यातून ती मुदत साफ गेली होती. तिने बीडहून रिक्षा करून आणली होती, रिक्षावाला बाजूला बिडी ओढत होता. ट्रंक ओट्यावर होती.

"आबा, कुठं गेलता तुमी? दुपारपासून बसलेय."

मामा जीपमधून उतरले. दिवसभराच्या धक्क्यांनी गुडघे आखडले होते, तिने पुढे होऊन दंड धरला. "कामाला गेलतो," मामा म्हणाले.

ते दोन शब्द ऐकून योगिता त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. बापाच्या अंगावर धूळ, सदऱ्याला बोरीचे काटे, केस विस्कटलेले. चैत्रापासून फोनवर ज्या आवाजाशी ती बोलत होती तो हा आवाज नव्हता. तिला सगळं कळलं, कुणी सांगायची गरज पडली नाही. ती हसली आणि मग तिचा चेहरा एकदम उतरला. खाली बघत म्हणाली, "मी खोली रिकामी केलती ओ. आरोहीनं तुमच्या खाटंवर चादर पण टाकली." मला तोवर वाटत होतं की ही लेक बापाला सांभाळायला नेतेय. तिला तिथे आपलं माणूस हवं होतं, हे मला तेव्हा समजलं. मामांनाही समजलं असावं, कारण ते तिच्या शेजारी ओट्यावर टेकले.

"चादर ऱ्हाऊ दे तशीच," मामा म्हणाले. "यीन मी. चार-चार दिस यीन. पण चैत्रात तू ये हिकडं. उमापूरचं काम हाय, हितलं हाय. छाटायला माणूस लागतंय मला. बंकटच्यानं व्हत न्हाई, त्याच्यामागं शेळ्या लागत्यात."

योगिताने डोळे पुसले. "येते. शाळंला सुट्टी लागली की येते. पण कोयता मी धरीन. तुमी टायरवर बसायचं आन नुसतं दावायचं."

"बसतो," सटवा मामा म्हणाले. "बसतो की."